नीलकंठ, मेलुहा आणि आपण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या बीड जिल्ह्याला शंकराची कथा नव्याने सांगायची गरज नाही. परळीला वैद्यनाथ आहे. श्रावणात गावोगावी शिवलीलामृताचे पारायण होते आणि अकरावा अध्याय तर पुष्कळ घरांत रोज वाचला जातो. अशा जिल्ह्यातल्या वाचकाच्या हाती 'मेलुहाचे मृत्युंजय' हे पुस्तक पडले तर त्याला काय वाटेल, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मूळ इंग्रजी कादंबरी २०१० साली आली. लेखक अमीश त्रिपाठी यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण व्यवस्थापनशास्त्राचे आणि नोकरी वित्तक्षेत्रातली. वीसहून अधिक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले, असे ते सांगतात. मग त्यांनी पहिले प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटले. ज्यांनी ते वाचले ते पुढचे मागायला आले. पुढे २०११ आणि २०१३ मध्ये दुसरा आणि तिसरा भाग आला, आणि ही शिवकथेची त्रयी अनेक भारतीय भाषांत गेली. मराठीतही ती आहे.

कथेचा काळ इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमाराचा. शिव हा इथे देव नाही. तिबेटात कैलासाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका टोळीचा तो नायक आहे. रोजच्या लढायांना कंटाळून तो आपल्या माणसांना घेऊन मेलुहा नावाच्या समृद्ध राज्यात येतो. तिथे त्याला एक औषध देतात, सोमरस. त्या औषधाने त्याचा गळा निळा होतो आणि सगळे राज्य त्याच्यापुढे हात जोडते, कारण संकटकाळी नीलकंठ येईल अशी त्यांची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा असते. आपण कोणी खास नाही हे शिवाला पक्के ठाऊक आहे. पण लोक ऐकायला तयार नाहीत. सगळी कादंबरी या पेचावर उभी आहे.

आता या पुस्तकातल्या काही गोष्टी आपल्या किती जवळच्या आहेत बघा. मेलुहाची राजधानी आहे देवगिरी! लेखकाने ती सरस्वतीच्या काठी वसवली आहे. पण मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हे नाव वाचताच यादवांचा किल्ला उभा राहणारच. सोमरसाने माणसे शंभर-दीडशे वर्षांची होऊनही तरुण दिसतात. परळीच्या लिंगात अमृत आणि धन्वंतरी लपले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अमीश यांनी त्याच जुन्या ओढीला, मरण लांबवण्याच्या ओढीला, औषधशास्त्राचा पोशाख चढवला आहे.

मेलुहा हे नावही हवेतले नाही. प्राचीन मेसोपोटेमियाच्या लेखांत हे नाव येते आणि बहुतेक अभ्यासक ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाचे मानतात. त्या संस्कृतीचा धागा आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही आला होता. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा ही ब्राँझची शिल्पे प्रसिद्धच आहेत. मात्र एक गोष्ट तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावी. सिंधू संस्कृतीची लिपी अजून सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. तिथले राजे कोण, कायदे काय, देव कोणते, हे आपल्याला माहीत नाही. अमीश यांनी रिकाम्या जागी कल्पना भरली आहे. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. वाचकाने तिला इतिहास समजू नये, एवढेच.

अद्भुत कादंबरी मराठीला नवी नाही. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. विधवांचे हाल हा त्याचा विषय होता आणि सांगण्याची रीत वास्तवाची होती. पण लगेच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि मराठी कादंबरी राजपुत्र, राजकन्या आणि चमत्कारांत रमली. समाजाचे दुःख सांगायचे तर वास्तव कादंबरी आणि मन रमवायचे तर अद्भुत कादंबरी, अशी वाटणी आपण तेव्हापासून मनात करून ठेवली आहे. 'मेलुहा' ही वाटणी मानत नाही, आणि म्हणूनच मला तिच्याविषयी बोलावेसे वाटले.

या कादंबरीत 'विकर्म' नावाचा एक कायदा आहे. ज्यांच्यावर मोठे दुर्दैव कोसळले, ती माणसे मागच्या जन्मीचे पाप भोगत आहेत असे मानायचे. त्यांना कोणी शिवायचे नाही, त्यांनी पुन्हा लग्न करायचे नाही. सती ही सम्राट दक्षाची मुलगी. पण तिला मृत मूल झाले आणि त्याच दिवशी नवराही गेला. म्हणून ती विकर्म. तलवार चालवण्यात ती कोणाला हार जात नाही. पण कोणाचा स्पर्श झाला तर त्याला शुद्धी करून घ्यावी लागते. मुख्य म्हणजे हा नियम बरोबर आहे, असे तिला स्वतःलाच वाटते.

ही गोष्ट आपल्याला परकी आहे का? हळदीकुंकवाच्या वेळी घरातली कोणती बाई आत स्वयंपाकघरात थांबते? लग्नाचा विधी सुरू झाला की नवऱ्या मुलाची विधवा आई मागे का सरकते? कर्जापायी ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरच्या तरुण सुनेला पांढऱ्या पायाची कोण म्हणते? विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. तरीही कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये करावा लागला. कादंबरीत शिवाच्या शब्दाखातर विकर्माचा कायदा रद्द होतो. नीलकंठाचा शब्द सम्राटाला मोडवत नाही. आपल्याकडे नीलकंठ येत नाही. ग्रामसभा भरवावी लागते आणि ठराव झाल्यावरही घरोघरी जाऊन बोलावे लागते. कादंबरीची ही सोपी वाट मला तिची उणीव वाटते.

दुसरी व्यवस्था 'मैका'. हिंदीत मैका म्हणजे माहेर. पण या मैक्यात आई बाळाला जन्म देते आणि त्याला तिथेच सोडून परतते. सगळी मुले राज्य वाढवते, परीक्षा घेऊन त्यांचा वर्ण ठरवते आणि मग ती त्या वर्णाच्या जोडप्यांना देते. कोण कोणाचे हे कोणाला कळत नाही, त्यामुळे जन्माचा फायदा नाही आणि तोटाही नाही. कागदावर हे फार न्यायाचे दिसते. पण बीडच्या वाचकाला इथे थबकावेच लागेल. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडून हजारो कोयते कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावेच लागते. मुले मागे आजीपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. तेही जमले नाही तर उसाच्या फडात. मेलुहात आई मुलाला सोडते ती समतेच्या नावाखाली, इथे सोडते ती पोटासाठी. लेखकाने त्या व्यवस्थेची बाजू हुशारीने मांडली आहे. पण मूल ठेवून परत निघालेल्या बाईच्या मनात तो पुरेसा शिरत नाही. ती बाई कशी चालते, हे आपल्याकडच्या कोणत्याही वाडी-तांड्यावर दिसते.

उणिवा आणखीही आहेत. चार हजार वर्षांपूर्वीची माणसे आजच्या कार्यालयातल्यासारखी बोलतात. चर्चा लांबतात. काव्य म्हणावे असे फार थोडे आहे. पण शेवटी लेखक एक धाडस करतो. सूर्यवंशी मेलुहाचे शत्रू चंद्रवंशी. तेच पापी असे शिवाला सांगितलेले असते. तो युद्ध करतो, जिंकतो. आणि मग पराभूत राजकन्येकडून कळते की तेही नीलकंठाचीच वाट पाहत होते, सूर्यवंशींचा नाश करण्यासाठी. शिव अयोध्येत फिरतो, तेव्हा त्याला राक्षस दिसत नाहीत. वेगळ्या रीतीने जगणारी माणसे दिसतात. आपण कोणाच्या सांगण्यावरून कोणावर शस्त्र धरले, हा प्रश्न घेऊन तो पुढच्या भागात जातो.

हा प्रश्न जुना नाही. दोन गटांत विभागलेल्या कुठल्याही गावात तो आजही विचारता येईल. समोरच्या आळीतले लोक कसे आहेत, हे आपण त्या आळीत जाऊन पाहिले, की आपल्याच माणसांकडून ऐकले?

म्हणून घरातल्या मुलाने हे पुस्तक मागितले तर 'देवाची थट्टा' म्हणून हिसकावू नका. पोथी देवघरात राहू द्या, कादंबरी त्याच्या हातात राहू द्या. वाचून झाले की त्याला एवढेच विचारा, आपल्या गावात विकर्म कोण आहे? त्याचे उत्तर शांतपणे ऐका.