दोन छंदांचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



भाषणाला विषय कोणता घेऊ, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्हांला जे येते ते सांगा." आता पाकक्रिया आणि विणकाम ह्यांत माझ्यापेक्षा जाणत्या कितीतरी भगिनी पुढे बसलेल्या आहेत. मला येणाऱ्या गोष्टी दोन: वाफेवर चालणारे लहानसे इंजिन बनवणे आणि लाकडी होडी बांधणे. हसू नका! ह्या दोन छंदांनी माझा जीव जितका रमवला तितकाच मेटाकुटीसही आणला. एकाच बाईला एकाच खोलीत हे दोन्ही कसे सांभाळता आले, तेवढेच आज सांगणार आहे.

आम्ही तीस वर्षे इंग्लंडात साउदम्प्टनला राहिलो. त्या देशात घरामागच्या पडवीत बसून लहान इंजिने बनवण्याचा नाद फार जुना आहे. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल नावाच्या गृहस्थांनी ह्या नादासाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिकच काढले. कारकून, शिक्षक, डॉक्टर अशी मंडळी दिवसभराचे काम संपवून रात्री कातयंत्रापाशी, म्हणजे लेथपाशी, उभी राहत. आमचे हे त्यांतलेच. निवृत्त झाल्यावर ह्यांनी जुना मायफर्ड लेथ घेतला आणि स्टुअर्ट कंपनीच्या 'टेन व्ही' इंजिनाचे ओतीव भाग मागवले. हे इंजिन उभे असते आणि तळहातावर मावते. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, दट्ट्याची धावही पाऊण इंच आणि चाक तीन इंचांचे. पण खऱ्या इंजिनात जे जे असते ते सारे त्यात आहे. वाफ एकदा दट्ट्याच्या वरून येते, एकदा खालून. तिची वाट बदलणारी छोटी झडप पुढेमागे सरकते, आणि तिला सरकवते दांड्यावर जरा एका बाजूला बसवलेली चकती.

२०१४ साली हे गेले. इंजिन अर्धे राहिले होते. सिलिंडर कोरून झाला होता, दट्ट्या व्हायचा होता. मुलगा म्हणाला, "आई, लेथ विकून टाकू." मी म्हटले, "थांब जरा." तिथल्या छंदिष्टांच्या क्लबात मी नाव घातले. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला कानस धरण्यापासून शिकवले. बासष्टाव्या वर्षी मी हजारांश इंच मोजायला शिकले. आपल्या डोक्याचा केस साधारण तीन हजारांश इंच जाडीचा असतो. दट्ट्या सिलिंडरात बसवताना त्याहून कमी फटीचा हिशेब करावा लागतो. आधी वाटले, हे बायकांचे काम नव्हे. मग लक्षात आले, की पुरणाच्या पोळीची कड सर्वत्र सारखी लाटणाऱ्या बोटांना हे मुळीच परके नाही.

होडी आली ती नातीमुळे. शेजारच्या एका घराच्या माळ्यावर 'मिरर' जातीच्या होडीचा संच कित्येक वर्षे तसाच पडून होता. त्यांनी तो देऊन टाकला. ह्या होडीची हकीगत मौजेची आहे. १९६३ साली 'डेली मिरर' वृत्तपत्राच्या पुढाकाराने ती निघाली. आराखडा होड्यांचे नामांकित रचनाकार जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल ह्या दोघांनी मिळून केला. सामान्य माणसाने घरच्या घरी बांधावी, हाच हेतू. पुढे अशा ७०,००० वर होड्या झाल्या. लांबी सुमारे ११ फूट, शीड तांबडे.

बांधण्याची रीत ऐकाल तर तुम्हांला ती ओळखीची वाटेल. बेतून कापलेले प्लायवूडचे तक्ते कडेला कड लावून मांडायचे, कडांना जोडीने भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने टाके घालायचे. कच्ची शिलाईच ती! चोळीचे तुकडे जोडावेत तसे सपाट तक्ते जोडता जोडता आपोआप गोलाई घेतात. मग आतून सांध्यावर काचतंतूंची पट्टी ठेवून रसायनाने चिकटवायची, बाहेरची तार छाटायची, कडा घासायच्या आणि बाहेरूनही पट्टी लावायची. कच्चा दोरा उसवून पक्की शिवण राहावी, तसेच. नात तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिल्या दिवशी टाके घालताना ती म्हणाली, "आजी, हे तर तुझ्या गोधडीसारखेच आहे." त्या दिवसापासून ती दर शनिवारी येऊ लागली.

इथून खरी ओढाताण सुरू झाली. भगिनींनो, लोखंड आणि लाकूड ह्या दोन सवती आहेत. लाकडाचा भुसा लेथवर पडला की तेल शोषून घेतो, हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली गंज चढतो. घासकागदाची कच लेथच्या सरकत्या पट्ट्यांत गेली तर त्या झिजतात. उलट लेथचे तेल लाकडाला लागले तर तिथे चिकटवण धरत नाही आणि रंगही बसत नाही. ओकच्या ओल्या लाकडाला लोखंडाचा कीस लागला तर काळा डाग पडतो, तो वेगळाच. आणि आमची पडवी केवढी? आपल्याकडच्या दोन चौकट्यांएवढी.

पहिला तोडगा जागेचा. मधोमध जाड कापडाचा पडदा टांगला. भुशाच्या बाजूचा झाडू वेगळा, तेलाच्या बाजूचा वेगळा, एप्रनही दोन. सोवळे-ओवळे मी आयुष्यात कधी फारसे मानले नाही, पण त्या पडवीत मात्र कडक पाळले.

दुसरा तोडगा ऋतूचा. होडीचे चिकटवण थंडीत नीट आवळत नाही. हवा दहा अंशांच्या खाली गेली की ते तासन्‌तास चिकट राहते. तेव्हा एप्रिल ते सप्टेंबर होडी, आणि ऑक्टोबर ते मार्च इंजिन. हिवाळ्यात लेथपाशी एक लहान शेगडी पुरते. अख्खी होडी कशी ऊबवणार?

तिसरा तोडगा वेळेचा, आणि तो सर्वांत उपयोगी पडला. कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही, हे आधी ओळखायचे. कालवलेले चिकटवण चिक्कीच्या पाकासारखे असते. अर्ध्या तासाच्या आत वापरले नाही तर भांड्यातच दगड होते. म्हणून ज्या दिवशी घरी पाहुणे, दवाखाना किंवा दूरध्वनीची वाट पाहणे असेल त्या दिवशी चिकटवण कालवायचे नाही. त्या दिवशी कानस घ्यायची. धातूचे काम अर्ध्यावर टाकून उठता येते. तेलाचे फडके गुंडाळून खणात ठेवले की महिन्यानेही ते तसेच असते. गृहिणीच्या वाट्याला वेळ येतो तो तुकड्यातुकड्यांनी, आणि त्या तुकड्यांत इंजिन बसते. होडीला मात्र सलग सकाळ लागते. ती मागून घ्यावी लागते. "आज सकाळी मी नाही," असे घरात सांगणे मला साठीनंतर जमले.

२०१८ सालच्या वसंतात कसोटीची वेळ आली. नातीला सप्टेंबरात दूरच्या विद्यापीठात जायचे होते. होडीचे काम बरेच उरले होते. कडेच्या लाकडी पट्ट्या वाकवायच्या होत्या, डोलकाठी रंधायची होती, रंग व्हायचा होता. आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी माझ्या बोटांकडे पाहून संधिवात असल्याचे सांगितले. बारीक काम जितके लवकर आटोपाल तितके बरे, असेही म्हणाले. म्हणजे एकीकडे गेलेल्या माणसाचे इंजिन, जे पुढल्या वर्षी माझ्या बोटांना झेपेल की नाही ह्याचा भरवसा नाही; आणि दुसरीकडे जिवंत पोर, जे पुढल्या वर्षी इथे नाही. त्या वेळी मी चार रात्री झोपले नाही, हे खरे सांगते. शेवटी माझाच नियम माझ्या उपयोगी आला. थांबू शकते ते थांबवावे. लोखंड थांबते, पोरीचे सतरावे-अठरावे वर्ष थांबत नाही. आणि हे असते तर त्यांनीही "आधी होडी" असेच म्हटले असते, ह्याबद्दल मला शंका नव्हती. मी इंजिन तेलात भिजवलेल्या फडक्यात बांधले आणि उन्हाळाभर होडीच केली. ऑगस्टात ती पाण्यात उतरली. सुकाणू नातीच्या हाती होते.

इंजिन २०१९ च्या मार्चात पुरे झाले. मधल्या काळात बोटे ताठरली होतीच. अगदी बारीक स्क्रू क्लबातल्या त्या वृद्ध गृहस्थांनी बसवून दिले. बाकीचे मी केले. पहिल्यांदा वाफ नव्हे, सायकलच्या पंपाची हवा दिली. चाक अडखळले, मग भिरभिरले. वाफेची गोष्ट निराळी. तिथे नव्या बॉयलरची परीक्षा आधी पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुपटीने करतात. प्रेशर कुकर वापरणाऱ्या बाईला ह्यातले शहाणपण सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, हे साहेबांचे नाद, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो मुंबईचा आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' आजही हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आम्ही दोघे ते पाहायला गेलो होतो. त्याच घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींचे मन वाफेवर जडले. १८३३ साली त्यांनी 'इंडस' ही छोटी आगबोट पाण्यात सोडली, १८३४ साली माझगावचे आपले घर गॅसच्या दिव्यांनी उजळले आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. लाकूड आणि वाफ ह्यांचा मेळ एका मुंबईकराने एकोणिसाव्या शतकातच घातला होता.

मी इथे परत आले तेव्हा इंजिन साडीत गुंडाळून पेटीतून आणले. होडी नातीकडे तिथेच आहे. दोन्ही जिथे असायला हवीत तिथेच आहेत.

"ह्याचा उपयोग काय?" असे मला पुष्कळ जणी विचारतात. पुरुषांच्या छंदाला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उपयोग एवढाच सांगते, की हे गेल्यानंतरची पाच वर्षे मला सकाळी उठायला कारण होते. शिवाय, आपल्या वेळावर आपलाही हक्क आहे, हे घरच्यांना कळले आणि त्याआधी मला कळले. छंद एक असो की दोन. जागा आखून घ्यावी, ऋतू पाहावा, आणि थांबणारे काम कोणते, न थांबणारे कोणते, हे रोज सकाळी ठरवावे.

इंजिन मी येत्या शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आणणार आहे. ज्यांना चाक फिरताना पाहायचे असेल त्यांनी यावे. कानशी दोन आहेत, आणि पितळेचे चार तुकडे मी मुद्दाम शिल्लक ठेवले आहेत. मुलींनाही बरोबर आणा.