निरीक्षणातून काय कळते, किती कळते

फवारणीचे विष किती बाधते हे तपासायला मजुरांचे दोन गट पाडून एकाला मुद्दाम उघड्या अंगाने शेतात धाडता येत नाही. तो गुन्हाच ठरेल. जे घडते आहे किंवा घडून गेले आहे, तेच मोजून आणि ताडून पाहावे लागते. हा निरीक्षणात्मक अभ्यास. उदाहरण घ्या: २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले.

तेव्हा कारणे अनेक सांगितली गेली: उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांचे मिश्रण, नवे पंप, मास्क-हातमोजे नसणे. केवळ दवाखान्यातले रुग्ण पाहून त्यांतले खरे कारण ठरत नाही. ठणठणीत राहिलेल्यांनीही तेच मिश्रण तितकेच फवारले असेल, तर त्या एकट्यावर बोट कसे ठेवणार? म्हणून रुग्ण-तुलना अभ्यासात बाधित मजुराच्या जोडीला त्याच गावचा, त्याच आठवड्यात फवारलेला, पण बाधा न झालेला मजूर घेतात आणि दोघांना तेच प्रश्न विचारतात. डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध याच रीतीने दाखवला. रीत स्वस्त आणि झटपट, पण भिस्त आठवणीवर. आजारी पडलेल्याला डबा न् डबा आठवतो, दुसरा विसरून गेलेला असतो. शिवाय दर शंभर फवारणाऱ्यांत किती जणांना बाधा होते, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला कोहॉर्ट अभ्यास हवा: हंगामाआधीच सगळ्यांची नोंद आणि मग हंगामभर पाठपुरावा. कारण आधी, परिणाम नंतर, हा क्रम इथे पक्का असतो. खर्च मात्र दांडगा.

एकाच वेळी केलेली पाहणी आजाराचे ओझे दाखवते, आणि ते कमी नव्हे. राणी व अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गडचिरोलीच्या पाहणीत दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. आधी काय आणि मागाहून काय, हे अशा पाहणीतून सहसा उलगडत नाही.

तिन्ही रचनांना एक पेच सारखाच छळतो. समजा, मास्क लावणारा बहुधा घरच्या वावरात तासभर फवारणारा शेतकरी आहे आणि मजूर दिवसभर पंप पाठीवर वाहतो. मग फरक मास्कचा की तासांचा? तासांनुसार गट पाडून तुलना केली, तर उत्तराच्या जवळ जाता येते. नोंदवहीत तासांचा रकानाच नसेल, तर मागाहून कितीही गणित मांडले तरी ते हाती लागत नाही.