नदीतला प्राणवायू
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आपण गाड्या धुणारी माणसे. पिट लाइनवरचा साबणाचा फेस गटारात जातो, तिथे आपली नजर थांबते. तो पुढे कुठे जातो ते दिल्लीला यमुनेवर दिसते. घराघरातला, धोबीघाटावरचा, सगळ्यांचा फेस ओखल्याच्या बंधाऱ्याखाली बर्फासारखा तरंगतो.

वजिराबाद ते ओखला अंतर 22 किलोमीटर. यमुनेची लांबी 1,376. पण नदीतल्या घाणीचा सुमारे तीन चतुर्थांश भार या तुकड्यात पडतो. मैला कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खातात. माशांना लिटरमागे 4 मिलिग्रॅम तरी हवा. इथे तो पुष्कळदा शून्य भरतो. अमोनिया वाढला की जलशुद्धीकरण केंद्रे मंदावतात. बंगल्यावर टाकी असते, झोपडीत हंडा!

त्यात हवा तापते आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांत जेमतेम साडेसात. म्हणजे घाण तेवढीच, पण मार जास्त.

समुद्रही सुटलेला नाही. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा तो पितो, त्याने पाण्याची आम्लता वाढते, शिंपल्यांना कवच बांधणे जड जाते. हा वायू देणारा कोळसा आपल्याच मालगाड्या वाहतात, हेही कबूल करू.

आमच्या डेपोत सांडपाण्याचा प्रश्न लावला, तेव्हा एक साहेब म्हणाले, "हा युनियनचा विषय नाही." त्या गटाराच्या कडेला आमच्याच गँगमनची क्वार्टर्स आहेत. पुढच्या मागणीपत्रात पिट लाइनच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचे कलम घालायचे आहे. शाखांनी ठराव पाठवावेत.