मौनाची किंमत

(निजामपुरा, भिवंडी येथील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या भिवंडीचे कापड असो वा नाशिकचा कांदा, रेल्वेपुढे दोघांचेही धनी दुबळेच. माल धाडणारे हजारो, रेल्वे मात्र एक. हा समानांमधील सौदा नव्हे.

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे ६३ वे कलम पाहा. ‘रेल्वेची जोखीम’ आणि ‘मालकाची जोखीम’ असे दोन्ही दर लागू असताना शेतकऱ्याने काहीच न सांगितल्यास, माल मालकाच्या जोखमीवर दिला असे समजले जाते. मग माल नासला, तर ९७ व्या कलमानुसार रेल्वेची हयगय सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही. वाघीण कोठे किती खोळंबली, याची नोंद मात्र रेल्वेच्याच दप्तरी!

ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल धावली. पुढे फळे-भाजीपाल्याला भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. परंतु सवलत ही कृपा आहे, संरक्षण हा हक्क आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : मौनाचा अर्थ ‘रेल्वेची जोखीम’ असाच व्हावा आणि पुराव्याचा भार रेल्वेने उचलावा. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्याला हवा तो दर लेखी मागण्यास शिकवावे. नुकसान झाल्यास, माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरपाईची नोटीस त्याच्याशेजारी बसून लिहून द्यावी. संघटनेचे काम येथूनच सुरू होते.