धुराच्या नळ्यांची निवड

कॅलिफोर्नियात मस्टँगसारखी 8 सिलिंडरांची जोरकस मोटार रोज कामावर नेणाऱ्याला एक मोह हटकून होतो. कारखान्यातून आलेले मॅनिफोल्ड काढून हेडर बसवावयाचे! हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा जळका वायू वेगळा नेऊन पुढे एकत्र करणाऱ्या नळ्या. एका नळीतून सुटलेला वायूचा लोट मागे दाब कमी करतो. त्यामुळे पुढच्या सिलिंडरचा वायू ओढला जातो. लांब नळ्यांत ही ओढ अधिक, म्हणून शर्यतवाला त्याच घेतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु लांब नळ्यांमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनापासून दूर जातो, किंवा काढूनच टाकला जातो. दूरचा कन्व्हर्टर सकाळी तापावयास विलंब लागतो, आणि तोवर विषारी वायू तसेच रस्त्यावर येतात. राज्याच्या हवा-मंडळाचा अनुमतिक्रमांक नसलेल्या नळ्या आढळल्यास गाडी धूरतपासणीत नापास होते. आखूड हेडरांना हा क्रमांक पुष्कळदा असतो. त्यांनी शक्ती थोडीच वाढते. दुकानदार हे सहसा सांगत नाही. धातू मात्र पारखून घ्यावा. साधे पोलाद गंजते, 304 जातीचे स्टेनलेस टिकते. फ्लँजही जाड हवी. पातळ असली की ती तापून वाकते, वायू गळू लागतो आणि थंड इंजिनाची टकटक रोज सकाळी शेजाऱ्यांना ऐकावी लागते.