उसना सूर, आपला गळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस या नात्याने मंडळाचे अहवाल लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. ‘सभा खेळीमेळीने पार पडली, शेवटी आभारप्रदर्शन झाले’ हे मी झोपेतही लिहीन. त्याचा परिणाम गेल्या साली कळला. माझी माय गेली. अकोल्याकडच्या खेड्यातली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. तिच्याविषयी चार ओळी लिहायला बसले, तर कागदावर उतरले, ‘त्या मनमिळाऊ व कष्टाळू होत्या.’ वाचून मलाच रडू आले. ही माझी माय नव्हती, हा अहवाल होता!

मग मी जो उपाय केला, तो आज सांगते. आवडत्या लेखकाचा सूर काही दिवस उसना घ्यायचा.

यात कमीपणा मानू नका. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी आपल्या वऱ्हाडात वकिली केली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाला नवी वाट दाखवली. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटाकरवी त्यांनी जुन्या रूढींची भरपूर थट्टा केली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. ‘बाळकराम’ या नावाने गडकऱ्यांनी जे विनोदी लेख लिहिले, ते गुरूच्याच वाटेने. पण ‘एकच प्याला’तली सिंधू पाहा! ती कोणाची उसनी नव्हे. १९१९ साली सावनेरला गडकरी वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. पुढे आचार्य अत्र्यांनी गडकऱ्यांना गुरू मानले. म्हणजे शिष्याने गुरूचा हात धरून चालावे आणि पाय बळकट झाले की हात सोडावा, ही आपल्या वाङ्मयाची जुनीच रीत आहे.

हात सोडायला मात्र विसरू नये. तरुणपणी एका दिवाळी अंकाला मी गोष्ट पाठवली होती. ‘लेखन चांगले आहे, पण ते तुमचे नाही,’ अशा शेऱ्यासह ती परत आली. तेव्हा राग आला, आज पटते. सराव हा घरच्या वहीत करायचा, छापायला पाठवायचा नाही.

माझी पद्धत साधी आहे. एक पान मोठ्याने वाचायचे, पुस्तक मिटायचे, आणि त्या सुरात आपल्या घरातली गोष्ट लिहायची. विषय आपलाच हवा. मी आधी कोल्हटकरांच्या थाटात आपल्या मंडळाच्या पापडांची हकीगत लिहिली. लांबलचक वाक्ये, कोट्यांवर कोट्या! कित्येक वर्षांनी लिहिताना हसू आले. नंतर उद्धव शेळके यांची ‘धग’ हाती घेतली. १९६० ची ही कादंबरी आपल्या अमरावती जिल्ह्याच्या मातीतली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि त्या बोलीत तिचे सारे कष्ट दिसतात. ते वाचून माझ्या ध्यानात आले की, मी मायचे शब्दच पुसून टाकले होते. ‘पोरी, आंधी तवा तापू दे, मंग भाकर टाक,’ असे ती म्हणायची. मी वहीत तेच लिहिले, आणि माय चुलीपुढे येऊन बसली.

चार दिवसांनी वही पुन्हा उघडायची. जे वाक्य उसने वाटेल त्यावर काट मारायची. माझ्या सहा पानांतले दीड पान उरले. पण ते दीड पान माझे आहे.

भगिनींनो, आपल्या आया, आज्या, सासवा यांचे बोलणे कोणी लिहून ठेवलेले नाही. आपण न लिहिले तर ते आपल्याबरोबरच जाईल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने एक पान लिहून आणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.