डोंगरातल्या राजाने पाहिलेली खाडी



कल्याणहून भिवंडीकडे जाताना खाडीच्या पुलाजवळ दुर्गाडी दिसतो. येणारा-जाणारा देवीला हात जोडतो आणि पुढे जातो. खालच्या पाण्याकडे सहसा कोणी पाहत नाही. शिवाजी महाराजांनी पाहिले.

1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून स्वराज्यात आली. महाराजांचे वय तेव्हा 27. पदरी डोंगरी किल्ले, घोडदळ आणि मावळे. समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची. पोर्तुगीजांचे दस्तक जवळ नसले तर जहाज पकडले जाई. किनारा आपला आणि कागदावर शिक्का परक्याचा! ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. महाराजांच्या पडली नाही.

स्वप्न पाहायला पैसे पडत नाहीत. गलबताला मात्र लाकूड लागते, सुतार लागतो, रोजमुरा द्यावा लागतो. 1659 पर्यंत कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधली जाऊ लागली. ती बंदराबाहेर पडू देऊ नयेत, असे पोर्तुगीजांनी आपल्या अधिकाऱ्यांना कळवले. शत्रूने एवढी दखल घेतली, यातच सारे आले.

या कामावर महाराजांनी पोर्तुगीज कारागीरच ठेवले होते. रुई लैतांव व्हिएगश हा त्यांचा मुख्य. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना वळवले आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली. मोठमोठे बेत येथेच बारगळतात. देणग्यांचे आकडे जाहीर होतात, पाथरवट गाव सोडतो आणि गाभारा दोन पावसाळे उघडा राहतो. आरमाराचे तसे झाले नाही. ते एकट्या राजाच्या मनात राहिले नव्हते. कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी या सर्वांनी ते आपले मानले. दर्यासारंग आणि दौलतखान त्याचे सरदार झाले.

25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. 1665 च्या फेब्रुवारीत 85 गलबते आणि 3 मोठी जहाजे घेऊन महाराज बसरूरच्या स्वारीवर गेले. कल्याण घेतल्याला तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती.

1679 साली मुंबईच्या तोंडावर, खांदेरी बेटावर, मायनाक भंडारी माणसे घेऊन उतरला व तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वेढा दिला, सिद्दीही आला. आपल्या लहान होड्या रात्री त्यांच्यामधून निसटत आणि बेटावर रसद पोचवत. 1680 च्या आरंभी इंग्रज माघारी गेले. खांदेरी स्वराज्यातच राहिले.